मंडईतली भाजी आणि ताटातली भाजी

रोजच्या कॅलरी लिहून ठेवताना भाज्या धरायच्या की सोडायच्या, हा एकच प्रश्न वेष बदलून माझ्याकडे येत राहतो. ठाण्यातल्या क्लिनिकमध्ये येतो, ऐरोली-वाशीहून ई-मेलने येतो, सकाळी तलावपाळीला फेरी मारताना ओळखीचं कुणी थांबवून विचारतं. म्हणून या वेळी असे प्रश्न एकत्र घेतले आहेत. एक आधीच सांगते. मी आहारतज्ज्ञ आहे, तुमची डॉक्टर नाही. मधुमेह, किडनी, थायरॉइड यांपैकी काही असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर खालचं वाचून परस्पर ताट बदलू नका. आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : मी मोबाइलवर रोजच्या १५०० कॅलरी लिहिते. जिममधल्या ट्रेनरने सांगितलं की भाज्या ‘फ्री’ असतात, त्या लिहायच्या नाहीत. दोन महिने झाले, वजन अर्धा किलोही हललेलं नाही. भाज्या मोजायला हव्यात का? (वय ३८, घोडबंदर रोड)

तुमचा ट्रेनर एका भाजीबद्दल बोलतोय आणि तुम्ही दुसरीच खाताय. आपल्या भाषेत मंडईतून पिशवीत येते तीही भाजी आणि कढईतून ताटात पडते तीही भाजीच. गोंधळ इथेच होतो.

जांभळी नाक्यावरून पाव किलो दुधी आणलात, तर त्या अख्ख्या दुधीत ५० कॅलरीही नसतात. त्याची भाजी करताना फोडणीला मापाचे दोन टेबलस्पून तेल गेलं की झाल्या जवळजवळ २४०. वर मूठभर दाण्याचं कूट आणि ओलं खोबरं पेरलंत की आणखी दीडशे-दोनशे सहज. तेल कुठलंही घ्या, शेंगदाण्याचं, करडईचं, लाकडी घाण्याचं किंवा ‘हार्ट’चं चित्र असलेलं, एका ग्रॅमला ९ कॅलरीच. घाण्याचं तेल ‘हलकं’ असतं असं कुणी सांगितलं असेल तर ते विसरा.

तेव्हा दुधी लिहू नका, फोडणी लिहा. दुधी, दोडका, पडवळ, पालेभाज्या, कोबी, फ्लॉवर, भेंडी, वांगी, काकडी, टोमॅटो यांचा हिशेब मी कुणालाच ठेवायला लावत नाही. त्याला कारण आहे. आकडा दिसला की हात आखडतो, आणि आखडू नये तिथेच नेमका आखडतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात २००० कॅलरींच्या दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. बटाटा त्यात धरलेला नाही. एवढ्या भाज्यांतून मिळतात फार तर सव्वाशे कॅलरी. आपल्यातली किती माणसं दिवसाला ४०० ग्रॅम भाजी खातात? माझ्यासमोर बसणाऱ्यांतली फारच थोडी.

तेल मोजायला रोज काटा काढायची गरज नाही. महिन्याचं वाणसामान आठवा. घरात चार माणसं आणि महिन्याला पाच लिटरचा एक कॅन संपत असेल, तर माणशी दिवसाला सुमारे ३८ ग्रॅम तेल झालं, म्हणजे ३४० कॅलरी. त्याच मार्गदर्शक तत्त्वांत तेल-तूप मिळून २७ ग्रॅम सांगितलं आहे. चार माणसांना महिन्याला साडेतीन लिटर, तेही तूप-लोणी धरून. बाहेरचा वडापाव आणि डब्यातली फरसाण या हिशेबात आलेलीच नाही.

आणि हे सगळं जागेवर असूनही वजन हलत नसेल तर १५०० चे परस्पर १२०० करू नका. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) करून घ्या, पाळी अनियमित असेल तर तेही सांगा, आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : काकडी पचवायला तिच्यातल्या कॅलरींपेक्षा जास्त कॅलरी लागतात, म्हणजे ती ‘उणे कॅलरी’ असते ना? (कोपरखैरणे)

नाही. अशी एकही भाजी नाही.

प्रश्न : एका सरकारी तक्त्यात भेंडीसमोर शंभराच्या वर आकडा आहे, अॅपवर तीसच्या आसपास. खरं कोणाचं? (निवृत्त शिक्षक, नौपाडा)

दोन्हीही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे. आकड्याला ४.१८४ ने भागा, कॅलरी मिळतील. सर, तुम्ही मूळ तक्ता उघडून पाहिलात याचा मला आनंद झाला, कारण बहुतेक जण कुणीतरी पुढे ढकललेला फोटो पाठवतात.

प्रश्न : बटाटा, मटार, रताळं भाजीत धरायचे का? घरी म्हणतात, ‘भाजीच आहे, खा की’. (कळवा)

मंडईत ते भाजीवाल्याकडे मिळतात, तेवढ्यापुरत्याच भाज्या. तुमच्या हिशेबात त्यांना पोळीच्या बाजूला बसवा. बटाटा, रताळं, सुरण, अरवी, कोनफळ, कच्चं केळं, मटार, मक्याचे दाणे यांच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ८० ते ११० कॅलरी असतात, म्हणजे तेल न लावलेल्या एका फुलक्याएवढ्या. बटाट्याची भाजी केली त्या दिवशी एक पोळी कमी, इतकं सोपं आहे. त्यांना वाईट म्हणू नका. साल ठेवून उकडलेलं रताळं हे चांगलं अन्न आहे. गाजर, बीट आणि कांदा मधले. कोशिंबिरीपुरते असतील तर सोडून द्या. गाजर हलव्याचा प्रश्न मला विचारू नका, तिथे गाजर हा मुद्दाच उरत नाही. मधुमेह असेल तर कंद किती चालतील, हे तुमच्या साखरेचे आकडे पाहूनच ठरेल. ते तज्ज्ञाला दाखवा.

प्रश्न : मेथीच्या दोन जुड्या आणल्या, शिजून वाटीभर झाली. मग वजन कच्च्याचं लिहायचं की शिजल्याचं? (वर्तक नगर)

आळली ती पाण्यामुळे, कॅलरी होत्या तेवढ्याच आहेत. लिहायचंच असेल तर कच्च्या वजनाला कच्च्याचा आकडा आणि शिजल्याला शिजल्याचा. सरमिसळ केली की चुकतं. मी म्हणेन, मेथी सोडा आणि तिच्यात पेरलेलं पीठ लिहा.

प्रश्न : सकाळी अनशापोटी दुधीचा रस घेतो. ‘झीरो कॅलरी’ आहे आणि चरबी वितळते असं ग्रुपवर वाचलं. हल्ली कडवट लागतो म्हणून त्यात आवळा आणि सफरचंद घालतो. योग्य आहे का? (वय ५५, सीवूड्स)

उद्यापासून बंद करा. चरबी कुठल्याही रसाने वितळत नाही. पण ते बाजूला राहू दे, तुमच्या पत्रातला ‘कडवट’ हा शब्द वाचून मी तुमचं पत्र सगळ्यांच्या आधी उघडून ठेवलं.

दुधी, काकडी, दोडका यांच्या कुळात कुकुरबिटासिन नावाची द्रव्यं असतात आणि कडूपणा त्यांचाच असतो. दुधीत ती वाढली की तो दुधी विषारी होतो. असा रस पिऊन आपल्या देशात माणसं दगावली आहेत, आणि त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली होती. समितीचं सांगणं साधं आहे. रस काढण्याआधी दुधीचा बारीक तुकडा चाखा, कडू असेल तर टाकून द्या, आणि दुधीच्या रसात दुसरा रस मिसळू नका. मिसळल्यावर कडूपणा झाकला जातो. तुम्ही नेमकं तेच करताय. याला उतारा नाही. कडू रस प्यायल्यावर पोटात दुखलं, उलटी-जुलाब झाले, उलटीत रक्त दिसलं, तर लिंबू-सरबत करत घरी थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं. दुधी आवडत असेल तर मुगाची डाळ घालून भाजी करा, चोथाही पोटात जाईल. आणि चाखायचं तेव्हाही विसरू नका.

प्रश्न : मुलं भाजी खात नाहीत म्हणून बीटचे चिप्स, पालकाचे खाकरे आणते. पाकिटावर ‘भाज्यांचा गुण’ असं लिहिलंय. भाजीत धरू का? (ऐरोली)

नको. पाकीट उलटं करून घटकांची यादी वाचा. जे सर्वांत जास्त ते आधी लिहावं लागतं. पीठ आणि तेल वर असेल, पालकाची पावडर मिठाच्या शेजारी असेल. कॅलरीचा आकडाही ‘एका सर्व्हिंग’चा वाचून फसू नका, १०० ग्रॅमचा रकाना बघा. २० ग्रॅमच्या सर्व्हिंगवर थांबणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही. हिरवा रंग विकायचा हा धंदा आहे आणि त्याचा मला मनापासून राग येतो, कारण पैसे मोजणारी आई काळजीपोटी मोजते. मुलाचं वजन वयाप्रमाणे वाढत नसेल किंवा फारच वाढत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : मुलगी १६ वर्षांची, अकरावीला आहे. सहा महिन्यांपूर्वी तिने कॅलरीचं अॅप घेतलं. आता काकडीच्या चकत्यासुद्धा काट्यावर ठेवते. कोशिंबिरीत कूट दिसलं की ताट सरकवते. वजन नऊ किलोने उतरलंय, तीन महिने पाळी आलेली नाही. नातेवाईक म्हणतात, छान बारीक झाली. ताई, वार्षिक परीक्षा झाल्यावर तुमच्याकडे आणू का? (आई, नेरुळ)

नाही. परीक्षेनंतर नाही, आणि सगळ्यात आधी माझ्याकडेही नाही. याच आठवड्यात तिला फिजिशियनकडे किंवा बालरोगतज्ज्ञांकडे न्या. नाडी, रक्तदाब, ईसीजी आणि रक्तातलं पोटॅशियम-फॉस्फेट तपासून होऊ दे. मधल्या दिवसांत चक्कर येऊन पडली, छातीत धडधडलं, फारच थकली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

वर मी घोडबंदरच्या ताईंना लिहिलं की भाजी मोजायची गरज नाही. तुमच्या घरात भाजी मोजली जाते ती गरजेपोटी नाही, भीतीपोटी. काकडीच्या चार चकत्यांत पाच-सात कॅलरी असतात. त्यांच्यासाठी जो काटा काढतो तो वजनाचा हिशेब करत नसतो. हा खाण्याचा आजार असू शकतो. तो हट्ट नव्हे, आणि वय वाढलं की आपोआप जातो असंही नाही. ‘या वयात पाळी मागेपुढे होतेच’ असं तुम्हाला कुणी सांगेल. होते, खरंय. पण नऊ किलो उतरल्यावर थांबलेली पाळी म्हणजे शरीराने आपला खर्च कमी करायला घेतलाय. हाडं भरायचं हेच वय असतं, आणि तिथेही तो परिणाम पोचतो.

माझ्याकडे अशा मुली येतात तेव्हा बहुतेक वेळा वर्ष उलटून गेलेलं असतं. आधी दहावी असते, मग क्लास, मग कुणाचं लग्न. तोवर घरात सगळे तिचं कौतुक करत असतात, आणि ते कौतुक तिला आणखी आत ढकलतं. म्हणून घरच्यांना आणि नातेवाइकांना आजच सांगा, तिच्या अंगावर कुणी बोलायचं नाही. बारीक झालीस नाही, सुकलीस नाही, काहीच नाही. स्वतःच्या वजनाचं रडगाणंही तिच्यासमोर नको.

घाबरून एकदम तूप-लाडू चारू नका. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला अचानक भरपूर अन्न दिलं तर रक्तातले क्षार धोकादायक रीतीने कोसळू शकतात. किती आणि कशा टप्प्याने वाढवायचं ते डॉक्टर सांगतील, तेव्हा मी नक्की मदत करीन. काटा हिसकावून घेऊ नका, अॅप गुपचूप उडवू नका. तिला म्हणा, ‘तू थकलेली दिसतेस, आपण दोघी दाखवून येऊ.’ सोबत मानसोपचारतज्ज्ञ लागतील. हा शब्द ऐकून घरातले बिचकतील, तुम्ही बिचकू नका. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं. अकरावीची परीक्षा पुन्हा देता येते. आई, हे वाचून झालं की लगेच अपॉइंटमेंट घ्या.

प्रश्न : वडिलांना रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू आहे आणि आई जेवणाआधी इन्सुलिन घेते. दोघांनी भाज्या न मोजता भरपूर खाल्ल्या तर चालेल? (महापे)

आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. वडिलांनी पालेभाज्या बंद करायच्या नाहीत आणि एकदम वाढवायच्याही नाहीत. त्यांत के जीवनसत्त्व असतं, खाणं हललं की गोळीचा परिणाम हलतो आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, बदलतो. रोज साधारण सारखं प्रमाण हवं. आईला मटार-बटाट्याचे कर्बोदक धरावे लागतील, कारण इन्सुलिनचा डोस त्यावर ठरवलेला असू शकतो. घरात कुणाची किडनी कमजोर असेल तर पोटॅशियममुळे सगळा हिशेबच वेगळा होतो.

प्रश्न : पावसाळ्यात स्टेशनजवळ येऊरकडच्या बायकांकडून कर्टोली, टाकळा, शेवळं घेतो. अॅपमध्ये ती सापडत नाहीत. काय लिहू? (कोपरी)

काही लिहू नका, खा. फक्त शेवळं काकडं (शेवळांसोबत मिळणारी आंबट फळं) किंवा चिंच घालून नीट शिजवा, नाहीतर घसा खाजतो. टाकळा कोवळाच घ्या, ओळखीच्या बाईकडून घ्या आणि करायचं कसं ते तिलाच विचारा. मुतखडा झालेला असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.