जुलैची सुट्टी, थायलंड की श्रीलंका?

अगं,

तुझा मेसेज परत एकदा नीट वाचला, पाठवलेले फोटो पण सगळे बघितले, आणि पहिलं हेच सांगते की ते फोटो जानेवारी-फेब्रुवारीतले आहेत. थायलंडच्या क्राबीचं ते तळ दिसणारं पाणी, श्रीलंकेच्या मिरिस्साची ती माडांची टेकडी आणि खाली निवांत समुद्र, हे सगळं खरं आहे पण जुलैत खरं नाही, आणि तुमची सुट्टी जुलैत आहे. म्हणून थायलंड की श्रीलंका ही चर्चा तू आणि तुझी मैत्रीण गेले कित्येक दिवस करताय ना ती जरा थांबवा. आधी महिना धरा, मग त्या महिन्यात चांगला असलेला किनारा शोधा, देश आपोआप ठरेल.

म्हणजे बघ, मे ते साधारण ऑक्टोबर वारा नैऋत्येकडून येतो आणि त्याच्या तोंडावर जो किनारा असेल तो झोडपून निघतो. थायलंडमध्ये तोंडावर येते अंदमान समुद्राची बाजू, म्हणजे फुकेत, क्राबी, खाओ लाक, को लांता. श्रीलंकेत येते नैऋत्येची बाजू, बेंतोटा, हिक्काडुवा, उनावटुना, मिरिस्सा. नेमकी दोन्ही देशांतली सगळ्यात गाजलेली ठिकाणं, त्यामुळे फोटो पण त्यांचेच जास्त दिसतात. सिमिलान बेटं तर थायलंडवाले मे मध्यापासून ऑक्टोबर मध्यापर्यंत दरवर्षी बंदच ठेवतात. आणि तुझ्या यादीत माया बे (फी फी बेटांमधली ती छोटी खाडी) आहे म्हणून सांगते, पर्यटकांच्या गर्दीने तिथलं प्रवाळ मेलं म्हणून 2018 मध्ये ती बंद केली होती, 2022 मध्ये उघडली पण आता तिथे पोहता येत नाही, गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि परत यायचं. तेवढ्यासाठी खवळलेल्या समुद्रात स्पीडबोटीने आपटत जायचं मला तरी पटत नाही.

आता तुम्हाला दिसलेलं ते फुकेतचं स्वस्त पॅकेज. जुलैत हॉटेल अर्ध्या भावात मिळतं ते का मिळतं हे समजून घे. पाऊस दिवसभर नसतोही, सकाळ छान उघडी असते, पण कारोन, काता, सुरिन या पश्चिमेच्या बीचवर लाल झेंडे लागलेले असतात आणि ते उगाच लावलेले नसतात. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात, ते पाणी परत जायला एखादी चिंचोळी वाट धरतं, त्याला रिप करंट म्हणतात. तो दिसायला भयानक दिसत नाही हाच त्याचा धोका आहे. दोन्ही बाजूंना पांढरा फेस फुटत असतो आणि मधे एक पट्टा शांत, जरा गडद, वर बारीक खळबळ, फेसाचे तुकडे किनाऱ्याकडे यायचे सोडून आत जाताना दिसतात. नवीन माणसाला वाटतं इथे लाटा नाहीत, इथेच उतरू. म्हणून कुठल्याही देशात गेलात तरी पाण्यात जायच्या आधी दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघायचं. आणि ओढलं गेलंच तर किनाऱ्याकडे जोर लावायचा नाही, करंटशी झुंजून माणूस दमतो आणि दमल्यावर बुडतो. तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, जमत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघायचं. हे तुझ्या मैत्रिणीला नक्की वाचून दाखव.

तर जुलैपुरता तुमचा खरा प्रश्न फुकेत की मिरिस्सा हा नाहीच, तो आहे थायलंडच्या आखातातली बेटं की श्रीलंकेचा पूर्व किनारा. आखातातली बेटं म्हणजे को सामुई, को फांगान, को ताओ. त्यांचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, जुलैत एखादी सर येते नि जाते. श्रीलंकेत मधले डोंगर पाऊस अडवतात म्हणून पूर्वेला, त्रिंकोमाली, निलावेली, पासिकुडा या पट्ट्यात जुलैत कडक कोरडं ऊन असतं. म्हणजे हवामानाच्या हिशोबाने दोन्ही चालतील, निवड दुसऱ्या गोष्टींवर करायची.

आधी आखाताबद्दल. को ताओ हे स्कूबा शिकायला जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या ठिकाणांपैकी एक आहे, छोटंसं बेट आणि जिकडेतिकडे डायव्हिंग स्कूल, त्यामुळे शिकवणारे सरावलेले आणि इतर देशांच्या मानाने फी कमी. ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स, तीन-चार दिवसांचा असतो, नंतर 18 मीटरपर्यंत जाता येतं. तुला एकटीला जायचं असतं तर मी डोळे झाकून हेच सांगितलं असतं, कारण पहिल्या परदेशी ट्रिपमध्ये एक गोष्ट शिकून येणं मला फार आवडतं. पण तू लिहिलंयस मैत्रिणीला पोहता येत नाही. त्या कोर्सला न थांबता 200 मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं दाखवावं लागतं, म्हणजे ती कोर्सच करू शकणार नाही आणि तू पाण्याखाली असशील तेव्हा ती बिचारी किनाऱ्यावर बसून राहील. एका आठवड्यातले तीन दिवस असे गेले तर ट्रिप दोघींची राहत नाही. सामुईला दोघी एकत्र मजा करू शकाल, तिथल्या चावेंग बीचवर संध्याकाळी चहलपहल आहे, मसाज आहे, रात्रीचे बाजार आहेत, दोन मुलींना उशिरापर्यंत बाहेर फिरायला थायलंड खूप मोकळं वाटतं हे मान्यच करायला हवं. पण त्या महिन्यांत बऱ्याच बीचवर दिवसा पाणी लांब ओसरतं, पोहायला चालत चालत जावं लागतं. शिवाय सामुई आणि फांगानच्या पाण्यात बॉक्स जेलीफिश असतात, डंख क्वचित होतो पण झाला तर जिवावर बेततं, म्हणून बीचवर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या लावलेल्या असतात. गेलात तर अंगभर रॅशगार्ड (अंगाला घट्ट बसणारा पोहायचा पोशाख) घालूनच उतरा, आणि डंख झालाच तर चोळायचं नाही, गोडं पाणी टाकायचं नाही, भरपूर व्हिनेगर ओतायचं आणि ताबडतोब मदत बोलवायची.

आता श्रीलंकेची पूर्व बाजू, आणि माझं मन जुलैसाठी इकडेच आहे, लपवत नाही. निलावेली त्रिंकोमालीच्या उत्तरेला, तिथून साधारण पंधरा किलोमीटरवर. लांबच लांब वाळू आणि समोर साधारण एक किलोमीटरवर पिजन आयलंड, 2003 पासून नॅशनल पार्क आहे. बोटीने काही मिनिटांत पोचता, लाईफ जॅकेट घालून तोंड पाण्यात घातलं की प्रवाळ दिसतं, नशीब असेल तर काळ्या टोकाच्या पंखांचे छोटे रीफ शार्क दिसतात, ते माणसाच्या वाटेला जात नाहीत. पोहता न येणाऱ्या माणसालाही हे करता येतं, फक्त गाईडचा हात धरून आणि उथळ भागात. सकाळी पहिल्या बोटीने जा, उशिरा गेलात तर इतकी गर्दी असते की लोक चक्क प्रवाळावर उभे राहतात, ते बघवत नाही आणि तुम्ही तसं करू नका, प्रवाळ जिवंत असतं आणि एका पायाखाली कित्येक वर्षांची वाढ मोडते. बोटीचं भाडं बोटीमागे असतं, हॉटेलमधल्या अजून दोघांना बरोबर घेतलं की स्वस्त पडतं. मैत्रिणीला अगदीच भीती वाटत असेल तर पासिकुडाचा विचार करा, तिथे लांबपर्यंत कमरेएवढंच पाणी असतं, पण तिथे हॉटेलांच्या बाहेर फारसं काही नाही, म्हणून मी निलावेलीच म्हणेन.

एक मात्र नीट लक्षात ठेवा. जुलैत तिथे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळेच काठाचं पाणी इतकं सपाट असतं, पण हवा भरलेली ती रंगीत गादी किंवा ट्यूब घेऊन कोणी पाण्यात लोळत पडलं तर वारा अलगद आत ढकलत नेतो आणि कळतसुद्धा नाही. तसलं काही घेऊ नका, विशेषतः जिला पोहता येत नाही तिने तर नाहीच.

आणि वाटेत काय काय आहे ते बघ. विमान उतरतं काटुनायकेला, म्हणजे कोलंबोच्या विमानतळावर, तिथून कोलंबोत शिरायचंच नाही, गाडी करून सरळ सिगिरियाकडे, चारेक तास लागतात. दुसऱ्या दिवशी गेट उघडतं तेव्हाच सिगिरियाला हजर राहा, पाचव्या शतकात काश्यप राजाने त्या उभ्या खडकावर महाल बांधला होता, साधारण 1200 पायऱ्या आहेत आणि नऊनंतर दगड तापायला लागतो. सार्क देशांच्या पासपोर्टवाल्यांना तिकीट कमी आहे, पासपोर्ट जवळ ठेवा. दुपारी मिन्नेरिया नॅशनल पार्कात जीप सफारी. तिथल्या कोरड्या महिन्यांत तलावाचं पाणी मागे सरकतं, त्या ओल्या जमिनीवर कोवळं गवत उगवतं आणि ते खायला जुलै ते सप्टेंबर आजूबाजूच्या जंगलातले रानटी हत्ती कळपाकळपाने येतात, पिल्लांना पायात घेऊन चरतात, शंभरावर हत्ती एका नजरेत दिसू शकतात. फुकेत विरुद्ध मिरिस्सा करताना हे तुमच्या हिशोबातच आलं नव्हतं ना! कधी कधी कळप शेजारच्या कौडुल्ला पार्कात असतात, म्हणून आदल्या दिवशी बुकिंग पक्कं करण्यापेक्षा त्या सकाळी जीपवाल्यालाच विचारा आज कुठे आहेत. तिथून निलावेली दोन-अडीच तास, मग चार रात्री समुद्रावर, आणि शेवटची रात्र नेगोंबोत कारण विमानतळ तिथून जवळ आहे आणि फ्लाईटच्या दिवशी पूर्व किनाऱ्यावरून निघायची जोखीम घ्यायची नाही, रस्ते चांगले असले तरी वेग कमी असतो.

तिथे काय नाही ते पण सांगते म्हणजे नंतर हिरमोड नको. रात्री नऊनंतर निलावेली झोपतं. पार्टी, क्लब वगैरे नाही. आजूबाजूला तमिळ आणि मुस्लिम वस्ती आहे, हॉटेलसमोरच्या बीचवर स्विमसूट चालतो पण गावात, दुकानात अंगभर कपडे घालून जा, त्रिंकोमालीच्या कोनेश्वरम देवळात तर खांदे-गुडघे झाकूनच. बीचवर बोटवाले मागे लागतात, हसून नाही म्हटलं की जातात. पौर्णिमेला पोयाची सुट्टी असते, त्या दिवशी दारू विकत नाहीत. बुद्धाच्या मूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढू नका, लोकांना ते मनापासून लागतं.

बाकी पटापट. पासपोर्ट प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने तरी चालणारा हवा. व्हिसाचे नियम दोन्हीकडे बदलत राहतात, तिकीट काढायच्या दिवशी सरकारी साईटवरच बघा, एजंटच्या मेसेजवर जाऊ नका. ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्याच, आणि स्कूटर चालवायची असेल तर दुचाकीचा शिक्का असलेलं इंटरनॅशनल परमिट नसेल तर अपघातात इन्शुरन्स हात वर करतो, तेव्हा परमिट नसेल तर टुकटुकनेच फिरा. डेंग्यू दोन्ही देशांत आहे आणि तो डास दिवसा चावतो, ओडोमॉस रात्रीपुरतं ठेवू नका. थायलंडलाच जायचं ठरलं तर व्हेप (ई-सिगारेट) बरोबर नेऊ नका, तिथे बंदी आहे, आणि तिथल्या समुद्री नॅशनल पार्कमध्ये 2021 पासून प्रवाळाला मारक असलेली सनस्क्रीन चालत नाहीत, लेबलवर ऑक्सिबेंझोन लिहिलंय का ते बघून घ्या.

हे सगळं जुलै धरून लिहिलंय. ऑफिसने सुट्टी फेब्रुवारीत ढकलली तर माझं उत्तर उलटं होईल, तेव्हा पूर्व किनाऱ्याचं नावही काढू नका, सरळ को लांताला जा, आणि मधल्या महिन्यांत मैत्रिणीला पोहायच्या क्लासला घाल. तारखा पक्क्या झाल्या की कळव, गाडीवाल्याशी बोलताना काय काय विचारायचं ते मी लिहून पाठवते.

तुझी,
ताई