ग्रासहॉपर येतं, पण तेवढ्यावर भागत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आर्किटेक्चरची पदवी आहे, स्ट्रक्चरची आवड आहे, ग्रासहॉपर (राइनो या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं, ठोकळे जोडून प्रोग्राम करायचं टूल) आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा बऱ्यापैकी जमते, तर कॉम्प्युटेशनल डिझाइनच्या, म्हणजे गणित आणि कोड वापरून इमारतींचे आकार काढण्याच्या, मास्टर्ससाठी परदेशी जावं का, आणि पुढे नोकरीचं काय? मी लंडनमध्ये हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी रुक्ष भाग. ब्रिटनमध्ये ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी १९९७ च्या कायद्याने राखीव आहे. आर्किटेक्ट्स रजिस्ट्रेशन बोर्डाकडे नोंदणी नसेल तर व्यवसायात ती लावता येत नाही, आणि वर्षभराच्या कॉम्प्युटेशनल मास्टर्सने ती नोंदणी मिळत नाही. जर्मनीतही राज्याच्या चेंबरमध्ये नाव लागतं. ‘कॉम्प्युटेशनल डिझायनर’ मात्र कुणीही म्हणवून घ्यावं. मी नोंदणीच्या वाटेला गेले नाही, त्यामुळे कार्डावर आर्किटेक्ट लिहिता येत नाही. मला ते चालतं. आईला अजून पटलेलं नाही. तुम्हाला चालणार आहे का, हे अर्ज भरण्याआधी ठरवा.

आता कामाबद्दल. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रेट कोर्टचं छत २००० साली खुलं झालं. त्यात ३,३१२ काचा आहेत आणि एकही दुसरीसारखी नाही, कारण मधलं गोल वाचनालय चौकोनी अंगणाच्या बरोबर मध्यावर नाही. त्या छताची भूमिती बाथ विद्यापीठाच्या क्रिस विल्यम्स यांनी गणित मांडून, स्वतः प्रोग्राम लिहून काढली. ग्रासहॉपर आलं २००७ मध्ये. टूल बदलत राहतात, भूमिती तीच राहते. म्हणून लिनिअर अल्जिब्रा (व्हेक्टर-मॅट्रिक्सचं गणित) आणि बल कुठून कुठे जातं याची समज पक्की करा.

माझी पहिली फजिती सांगते. दर्शनी भागाच्या पॅनेलची स्क्रिप्ट माझ्या लॅपटॉपवर झकास चालली. प्रोजेक्टच्या मॉडेलवर लावली तर कडा जुळेनात, पृष्ठभाग मिळून बंद घन आकार होईनात. दोन दिवस मी माझाच कोड उकरत बसले. चूक कोडमध्ये नव्हतीच. मॉडेल सर्व्हेच्या कोऑर्डिनेटवर, म्हणजे शून्यबिंदूपासून शेकडो किलोमीटर दूर बसवलेलं होतं, तेही मिलिमीटरमध्ये. इतक्या मोठ्या आकड्यांत दशांशाची अचूकता घसरते. सगळं उचलून शून्याजवळ आणलं, पाच मिनिटांत काम झालं. पगार बहुतेक असल्याच गोष्टींचा मिळतो. वळणावळणाच्या टॉवरांचा फार क्वचित.

कोर्सबद्दल: स्टुटगार्ट विद्यापीठाचा आयटेक हा मास्टर्स मला सगळ्यात भावतो. तिथल्या कॉम्प्युटेशनल डिझाइन आणि स्ट्रक्चरच्या दोन संस्था तो मिळून चालवतात, शिकवणं इंग्रजीत आहे, आणि विद्यार्थी गणितावर न थांबता खरोखर बांधून बघतात. निव्वळ कोडकडे ओढा असेल तर लंडनमध्ये बार्टलेटचा, म्हणजे यूसीएल विद्यापीठाच्या आर्किटेक्चर शाळेचा, आर्किटेक्चरल कॉम्प्युटेशन आहे. झ्युरिकच्या ईटीएच या तंत्र विद्यापीठात डिजिटल फॅब्रिकेशन (कॉम्प्युटर आणि रोबोटने भाग घडवणं) आहे, पण त्याची माहिती तिथे शिकलेल्यांकडूनच घ्या.

नोकऱ्या जास्त करून मोठ्या इंजिनिअरिंग कन्सल्टन्सींत आणि फसाडच्या, म्हणजे इमारतीचा दर्शनी भाग करणाऱ्या, कंपन्यांत असतात. नामवंत आर्किटेक्ट ऑफिसांत अशी टीम असते, पण चार-पाच जणांची, आणि काम थंडावलं की पहिली कुऱ्हाड तिच्यावर.

पोर्टफोलिओत वीस चकचकीत रेंडर नकोत. मी मुलाखती घेते तेव्हा एकच प्रकल्प उघडायला लावते आणि विचारते, ही फाइल दुसऱ्याच्या हातात दिली तर कुठे मोडेल? ज्याला तिथे बोट ठेवता येतं त्याच्याशी पुढचं बोलणं सुरू होतं. तुमची एखादी डेफिनिशन (ग्रासहॉपरची फाइल) पाठवा, जशी असेल तशी, मी उघडून बघते.