तळं हलवता येतं का?

प्रश्न : मॅडम, शहराबाहेर आमची वडिलोपार्जित सहा एकर जमीन आहे. आम्ही तिघा भावांनी बिल्डरला सोबत घेऊन प्लॉट पाडायचं ठरवलंय. एका कोपऱ्यात २० गुंठ्यांची खोलगट जागा आहे. आषाढापासून संक्रांतीपर्यंत तिथं पाणी असतं, म्हशी डुंबतात, पाणकोंबड्या येतात. आर्किटेक्ट म्हणतात, रस्ता तिथूनच जातोय. ती बुजवू आणि ओपन स्पेसमध्ये दगडी काठाचं नवीन तळं करू. थोरल्या भावाला पटलंय, आईला नाही. नव्या तळ्यात काय लावलं की ते जुन्यासारखं होईल? आणि प्लॉट बघायला येणारे आत्तापासून डासांचं विचारतात, त्यांना काय सांगू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दादा, तुमच्या आईंशी माझं जमेल.

काय लावायचं ते नंतर सांगते, आधी गुंठ्यांचा हिशेब करू. सहा एकर म्हणजे २४० गुंठे. त्यातला दहा टक्के ओपन स्पेस म्हणजे २४ गुंठे, आणि त्यातच घसरगुंडी, गणपतीचा मांडव, म्हाताऱ्यांचे बाक. नवी पाणथळ जुनीची बरोबरी सहसा करत नाही, म्हणून ती मोठी करावी लागते. अमेरिकेत १९७२च्या कायद्याखाली पाणथळ बुजवली तर बदल्यात दुसरी करून द्यावी लागते, त्यामुळे तिकडं याचा अनुभव दांडगा आहे. २०१२ साली जगभरातल्या ६२१ नव्या किंवा पुन्हा उभ्या केलेल्या पाणथळी तपासल्या गेल्या. कित्येक दशकं लोटली तरी तिथली झाडं-जनावरं मूळच्यापेक्षा सरासरी चौथ्या हिश्शानं कमीच भरली. तुमच्या २० गुंठ्यांना निदान ३० गुंठे हवेत. ते ओपन स्पेसमध्ये बसत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं, की रस्ता वळवा. निम्मी जागा तरी जशीच्या तशी ठेवा आणि नवी तिला जोडूनच करा. मग बेडूक आणि चतुर आपले आपण पलीकडे जातील, त्यांना टेम्पोत घालून न्यायला नको. सातबाऱ्यावर ती जागा पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारी, म्हणून असेल, पण म्हणून ती बिनकामाची नाही. जमीन नदीच्या अंगाला असेल तर निळी पूररेषा, म्हणजे मोठ्या पुराचं पाणी जिथवर येतं ती सरकारी नकाशातली रेषा, कुठून जाते तेही बघून घ्या. २०१९ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४३ असताना. खोलगट जागेत भराव टाकला की तिथलं पाणी शेजारच्याच्या ओसरीत जातं. तळी बुजवणं आपल्या गावाला नवं नाही म्हणा. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, कपिलतीर्थावर मंडई बसली. गांधी मैदानात पावसाळ्यात आजही पाणी साचतं. त्याला जुना पत्ता पाठ आहे.

आता माझी फजिती सांगते. मी एका आवारात असंच तळं करून दिलं होतं. वाळा, वेखंड, कुमुदिनी, सगळं रोपवाटिकेतून विकत आणून हौसेनं लावलं. तळ मुरमाचा होता, तो मी तपासलाच नव्हता. दिवाळीला तळ्यात मुलं क्रिकेट खेळत होती. तेव्हापासून आधी कंबरभर खोल खड्डा काढून त्यात पाणी भरते आणि चार दिवस बघते. पाणी झपाझप उतरलं तर फूटभर चिकण माती आणून टाकायची, आणि गगनबावड्याकडं भाताला करतात तशी चिखलणी करायची. पॉवर टिलर चालतो. चिखलणीनं जो घट्ट थर बसतो, तोच पाणी धरतो. प्लास्टिकचा कागद लागत नाही.

दगडी काठ मात्र अजिबात नको. दहा फुटांत एक फूट उतरेल असा निवांत उतार द्या. सगळी गंमत त्या घोटाभर ते गुडघाभर पाण्यात असते. बाहेर जाणाऱ्या पाण्याला छोटा कोल्हापुरी बंधाराच करा, बरगे (आडव्या फळ्या) घालता-काढता येतील असा. पहिल्या पावसाळ्यात पाणी घोटाभरच ठेवा, नाहीतर कोवळे कोंब बुडून कुजतात. उन्हात रोज पाच-सात मिलिमीटर पाणी वाफ होऊन जातं, त्यामुळे तुमचं तळं मार्चमध्ये आटेल. आटू द्या. जुनंही संक्रांतीला आटतंच की! टँकर मागवू नका.

झाडं विकत आणायची तर गरजच नाही, ती जुन्या जागेच्या चिखलात झोपलेली आहेत. मे महिन्यात भेगा पडल्या की रस्त्याखाली जाणाऱ्या भागाचा वरचा वीतभर गाळ उचला आणि तो त्याच आठवड्यात नव्या तळावर पसरा. लव्हाळा, नीरब्राह्मी, कुमुदिनीचे कंद, सगळं त्यात येतं. काठाला वाळुंज, करंज, उंबर लावा. पाणकणीस मुद्दाम लावू नका, ते न बोलावता येतं आणि घर बळकावतं. रंकाळ्यातून ‘एखादं रोप’ आणायचा मोहही आवरा. त्याबरोबर जलपर्णीचा तुकडा आला की संपलंच.

डासांचं म्हणाल तर, डेंग्यूचा डास होतो गच्चीवरच्या पिंपात, कूलरमध्ये, नारळाच्या करवंटीत. चतुराची पिल्लं पाण्यात वाढतात आणि डासांच्या अळ्या खातात. सांडपाण्याचा एक थेंबही तळ्यात सोडू नका, एवढं मात्र बिल्डरकडून लिहून घ्या. गप्पी मासे परदेशी आहेत, पावसात ते ओढ्याला लागतात, ते नकोत.

म्हशी पहिली दोन वर्षं बाहेर. पुढं चार-पाच सोडल्या तर बरंच होईल. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८२ला चराई बंद केली, तर गवतानं पाणीच झाकून टाकलं आणि पक्ष्यांना जागा उरेना. तुमच्या आईंना हे जरूर सांगा. आणि गाळ उचलायच्या आधी मला कळवा, मी येऊन बघीन.