वाचकांचे प्रश्न: मीटरमधली चिमणी

प्रश्न: नमस्कार सर. माझ्याकडं पप्पांची 1994 ची आरएक्स 100 आहे, केए-22 पासिंग. रोज खानापूर ते बेळगाव जाऊन-येऊन करतोय. पावसाळा संपल्यापासून 40 च्या पुढं गेलं की मीटरमधनं चिमणी ओरडल्यासारखा आवाज येऊलालाय, काटा पण 35 ते 55 च्या मधे नाचूलालाय. सकाळी थंडीत आवाज जास्त, गाडी थोडी चालली की कमी होतोय. मेकॅनिक म्हणतोय मीटर गेला, नवीन घाल. पण त्या मीटरवर पप्पांचं रनिंग आहे हो, तो काढून टाकू वाटत नाही. काय करू? (एक वाचक, खानापूर)

उत्तर: अण्णा, नवीन मीटर आणू नका अजून. तुम्ही जे लिहिलंय त्यात मला दोन दुखणी दिसतात. काटा नाचतोय तो बहुतेक केबलमुळं, आणि थंडीत चिवचिवतंय, गरम झाल्यावर गप्प बसतंय ते मीटरच्या आतला बुश (फिरता दांडा ज्यात बसतो ती छोटी नळी) कोरडा पडल्याचं लक्षण. दोन्ही घरी होण्यासारखी कामं आहेत, एका रविवारची.

आधी आवाज नक्की कुठला ते धरा. मीटरखालचा केबलचा नट पकडीनं सैल करून केबल काढा, मोकळं टोक हँडलला घट्ट बांधा (लोंबत ठेवलं तर चाकात जाईल, हे चेष्टेत घेऊ नका) आणि गल्लीत एक चक्कर मारा. आवाज बंद झाला तर मीटर, चालूच राहिला तर केबल नाहीतर चाक, मग खाली बघायचं. गाडी मेन स्टँडवर लावा, पोरग्याला मागं कॅरियरवर बसवा म्हणजे पुढचं चाक उचलेल, हातानं फिरवा आणि हबजवळ (चाकाच्या मधल्या गोल भागाजवळ) कान द्या. खरखर आली तर बेअरिंग नाहीतर मीटरचा गिअर (चाकाबरोबर केबल फिरवतो तो), घासल्याचा आवाज आला तर ब्रेक लायनर. चाक फिरवताना केबलचं वरचं टोक पण बघून घ्या, आतली तार एकसारखी फिरायला पाहिजे, अडकत झटके देत फिरत असेल तर काटा का नाचतोय ते तिथंच कळलं.

आता केबल. खालचं टोक हबमधनं सोडवा, तिथं नट असतो किंवा छोटी क्लिप, गाडीगणिक वेगळं. आतली तार ओढून काढा. तुमच्या भागातला पाऊस, त्यात लावणीच्या दिवसांतला रस्त्यावरचा चिखल, आणि वर सर्व्हिसिंगला प्रेशरनं मारलेलं पाणी, त्यामुळं तार लालभडक गंजलेली निघाली तर नवल वाटून घेऊ नका. रॉकेल नाहीतर डिझेलमध्ये धुवा, कोरडी पुसा, आणि मग शहाबादी फरशीवर सरळ ठेवून एक टोक बोटांत धरून गोल फिरवा. चांगली तार जागेवर शांत फिरते. कुठं मुरड पडली असेल तर ती तिथं सुरवंटासारखी उडी मारते, मग कितीही ग्रीस लावा, काटा नाचणारच, केबल बदला. दोन्ही टोकांचे चौकोन पण बघा, कडा झिजून गोल झाल्या असतील तरी बदलायची. मीटरच्या मानानं केबल अगदीच स्वस्त आहे.

तार चांगली असेल तर ग्रीसचा पातळ हात फिरवा, पण वरचा वीतभर भाग कोरडा ठेवायचा! ती तार स्प्रिंगसारखी पिळलेली असते, फिरता फिरता ग्रीस वर चढवत नेते आणि मीटरमध्ये ओतते. मी स्वतः पोरवयात हे केलंय. अर्धी डबी ग्रीस कोंबली, आणि महिन्याभरात पेट्रोल संपलं म्हणून गाडी ढकलत चाललोय तर काटा 80 वर, बाजूचे लोक हसतायत.

असं का होतं ते समजून घ्या, मजेशीर आहे. केबल मीटरमध्ये एक चुंबक फिरवते, त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते, काटा त्या वाटीला जोडलेला. दोघं एकमेकांना शिवत नाहीत. चुंबक फिरला की वाटीत करंट तयार होतो, त्याच्या जोरावर वाटी ओढली जाते आणि बारीक केसासारखी स्प्रिंग तिला मागं खेचते. दोन्हींची ओढ जिथं बरोबरीत येते तिथं काटा थांबतो. त्या फटीत ग्रीस शिरलं की चुंबक वाटीला आपल्याबरोबर फरफटत नेतो.

चिवचिव करतोय तो त्या चुंबकाच्या दांड्याचा बुश. मीटर काढून उलटा धरा, केबल जिथं बसते त्या भोकात शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब सोडा, दांडा बोटांनी थोडा फिरवा आणि पाचेक मिनिटांनी सरळ करा. रात्रभर उलटा ठेवू नका, तेल वाटीत उतरेल. जास्त तर मुळीच नको. काचेची रिंग उचकटायच्या भानगडीत पडू नका, ती दाबून बसवलेली असते, परत तशी बसत नाही.

परत जोडताना केबलला कुठं तीव्र वाकण देऊ नका, हेडलाइटच्या मागनं ओघात वळू द्या, आणि हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून ताण येत नाही ना बघा. मग खानापूर रोडवर मैलाच्या दगडांवर तपासा: काटा 40 वर ठेवला तर एक किलोमीटरला 90 सेकंद, 50 ला 72. घड्याळ मागं बसलेल्याच्या हातात द्या, तुम्ही रस्ता बघा.

एवढं करूनही ओरडला तर बुश झिजलाय, तेव्हा मीटर रिपेअरवाल्याकडं न्या. रनिंग तसंच ठेवून बुश बदल म्हणून आधीच सांगा.

प्रश्न: माझ्या जुन्या स्प्लेंडरचा काटा शून्यावरच पडलाय, पण किलोमीटर बरोबर पडतात. केबल बदलू काय? (एक वाचक, निपाणी)

उत्तर: नको. किलोमीटर पडतात म्हणजे केबल आणि हबचा गिअर दोन्ही चालू आहेत, आकडे त्याच दांड्यावर फिरतात. बिघाड मीटरच्या आत आहे, वाटी, स्प्रिंग किंवा काटाच सुटला असेल. काटा आणि किलोमीटर दोन्ही बंद पडले असते तर केबलकडं आधी बघा म्हटलं असतं.