नवी बॅटरी घालूनही जुनी अँबॅसेडर चार्ज होत नाही: दोष डायनॅमोचा की कटआउटचा?

तुमच्या १९६९ च्या अँबॅसेडर मार्क २ ची नवी बॅटरीही पावसाळ्यात दोन-तीन दिवसांत उतरते आणि गॅरेजमध्ये डायनॅमो (इंजिनबरोबर फिरून बॅटरी चार्ज करणारे जुन्या पद्धतीचे जनित्र) काढून अल्टरनेटर (त्याच कामाचे नव्या पद्धतीचे जनित्र) बसवण्याचा सल्ला मिळाला आहे, असे आपण लिहिले आहे. माझी कळकळीची विनंती आहे की मोजमाप झाल्याशिवाय या गाडीतला एकही मूळ भाग बदलू नये. लॅमिंग्टन रोडवर मिळणारा साधा मल्टिमीटर त्यासाठी पुरतो.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या पूर्ण चार्ज बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. इंजिन चालू करून, दिवे बंद ठेवून मध्यम रेस दिल्यावर हाच आकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान स्थिरावला, तर चार्जिंगची यंत्रणा काम करते आहे आणि प्रश्न भाराचा, म्हणजे दिवे-वायपर ओढत असलेल्या विजेचा आहे. त्या काळच्या ल्युकास (ब्रिटिश कंपनी) पद्धतीच्या डायनॅमोची कमाल क्षमता साधारण २२ अँपिअर असते, तीही इंजिन चांगले फिरत असताना. आयडलवर तो जवळजवळ काहीच देत नाही. ६० वॅटचे दोन हॅलोजन दिवेच १० अँपिअर घेतात. त्यात वायपर आणि इग्निशनची भर पडली आणि गाडी सायनपासून दादरपर्यंत रांगेत सरकत राहिली, तर निर्दोष डायनॅमो असूनही बॅटरी रिकामी होत जाते. आयडलवर डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मंद लुकलुकणे आणि रेस देताच विझणे हेही अशा गाडीत स्वाभाविक आहे.

आकडा वाढतच नसेल, तर प्रथम डायनॅमो फिरवणाऱ्या फॅन बेल्टचा ताण आणि अर्थिंग (बॅटरीच्या एका टोकाची गाडीच्या धातूच्या बॉडीशी जोडणी) पाहावे. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत बॅटरीची टोके आणि इंजिन ते बॉडी ही अर्थची पट्टी आतून गंजते, आणि वरून ती धड दिसते. इंजिन चालू व दिवे लावलेले असताना बॅटरीच्या अर्थ टोकापासून डायनॅमोच्या बॉडीपर्यंत मोजलेला फरक ०.२ व्होल्टपेक्षा जास्त असेल, तर ते सांधे सोडवून घासून घ्यावेत.

त्यानंतर डायनॅमो. त्याच्या डी (वीज बाहेर देणारे) आणि एफ (फील्डचे) टोकांवरच्या दोन्ही तारा काढाव्यात, ती दोन टोके छोट्या तारेने एकमेकांना जोडावीत आणि त्या जोडापासून बॉडीपर्यंत मीटर लावून आयडलपासून हळूहळू रेस वाढवावी. व्होल्टेज भराभर चढले, तर डायनॅमो ठणठणीत आहे. २० व्होल्टच्या वर मात्र जाऊ देऊ नये. काहीच दिसले नाही, तर आधी कार्बन (फिरत्या भागाला टेकून वीज बाहेर आणणारे ब्रश) झिजले आहेत का किंवा अडकले आहेत का, ते पाहावे. अर्ध्या-एक व्होल्टवर थांबले तर फील्डचे (चुंबकत्व निर्माण करणारे, स्थिर) वाइंडिंग आणि चार-पाच व्होल्टवर थांबले तर आर्मेचर (आतला फिरता भाग) संशयित ठरते. कम्युटेटर (आर्मेचरवरचा, कार्बन टेकतात तो तांब्याचा भाग) बारीक काचकागदाने पुसावा, एमरीने नाही, कारण एमरीचे कण तांब्यात रुतून बसतात.

डायनॅमो उत्तीर्ण झाला, तर दोष कटआउटच्या (डायनॅमो पुरेशी वीज देऊ लागला की त्याला बॅटरीशी जोडणाऱ्या आणि एरवी तोडणाऱ्या स्वयंचलित स्विचच्या) डब्यात किंवा तिथवरच्या तारांत असतो. इथे एक खूण मला फार मोलाची वाटते: इंजिन बंद असताना किल्ली फिरवल्यावर लाल दिवा लागलाच नाही, तर एकतर बल्ब गेला आहे किंवा कटआउटचे पॉइंट (उघडमीट होणारे संपर्क) चिकटले आहेत. पॉइंट चिकटले असतील, तर बॅटरी उभ्या गाडीत डायनॅमोमधून रिकामी होते आणि तारा तापून आग लागण्याचीही भीती असते. तेव्हा बॅटरीची केबल ताबडतोब सोडवावी.

एक सवय कृपया टाळा. चार्जिंग तपासण्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीचे टोक काढून पाहणे अनेक ठिकाणी चालते. डायनॅमोच्या गाडीत त्याने व्होल्टेज बेसुमार चढू शकते, आणि अल्टरनेटर असेल तर डायोड जळतात.

या सगळ्यानंतरही रात्रीचा भार कमी करणे तुम्हाला शक्य नसेल, तर अल्टरनेटरचा विचार जरूर करावा. पण मग जुना कटआउट जोडणीतून बाजूला काढणे, बॅटरीपर्यंतची मुख्य तार जाड घालणे आणि गाडीचे कोणते टोक अर्थला आहे याची खात्री करणे आवश्यक आहे, कारण साठीच्या दशकातल्या काही गाड्यांत धन टोक बॉडीला जोडलेले असे. काढलेला डायनॅमो जपून ठेवावा.