मोरीत टाकलेल्या गोळ्या

प्रश्न : मी ३९ वर्षांची, सांगली जिल्ह्यात राहते. यजमान गेले तेव्हापासून माझ्या एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या सुरू आहेत, कधी खाडा केला नव्हता. दिवाळीनंतर मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली आणि घर खायला उठलं. पहाटे तीनलाच जाग येते, आंघोळसुद्धा नकोशी वाटते. गोळी हातात घेते आणि 'कशासाठी?' म्हणत परत ठेवते. एआरटी सेंटरला जायच्या आदल्या दिवशी उरलेल्या गोळ्या मोरीत टाकते, म्हणजे हिशेब जुळतो. मॅडमना कळलं तर गोळ्या बंद करतील का?

उत्तर : ताई, नाही करणार. आधी हे ऐका, मग बाकीचं.

सेंटरच्या टेबलामागे बसून मी कित्येक वर्षं बाटल्या मोजल्या आहेत. हिशेब एका गोळीनेही चुकत नाही, पण समोरची बाई मान वर करत नाही, असं दिसलं की मी बाटली बाजूला ठेवून विचारते, "झोप लागते का?" बहुतेकदा खरं उत्तर तिथून सुरू होतं.

मोरीतल्या गोळ्या कुणाला दिसत नाहीत. व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातला विषाणू मोजण्याच्या तपासणीत मात्र तो वाढलेला दिसतो. तो आकडा मिलिलिटरमागे हजाराच्या वर गेला तरी उपचार थांबवत नाहीत. समुपदेशन वाढवतात, साधारण तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात. तोवर खाडे चालूच राहिले, तर विषाणू औषधाला दाद देईनासा होण्याची भीती असते.

तुम्ही आळशी झालेल्या नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ भल्या पहाटे जाग, कशातच मन नाही, स्वतःची निगा नकोशी, ही नैराश्याची लक्षणं आहेत. एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांत हा आजार इतरांपेक्षा जास्त आढळतो आणि गोळ्या सुटण्यामागे बरेचदा तोच असतो. "मन घट्ट कर" म्हणणारे पुष्कळ भेटतील. न्यूमोनियाला कुणी असं सांगत नाही.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. तिथे एआरटीचं पुस्तक दाखवा, म्हणजे दोन्ही औषधं एकमेकांना चालतात का ते डॉक्टर बघतील. चालणारी औषधं आहेत. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठवड्यात सोडून देऊ नका. एआरटीची गोळी रात्री घेत असाल तर सकाळी घेतलेली चालेल का तेही विचारा, कारण एआरटीच्या गोळीतल्या डोल्युटेग्राविर या औषधाने काहींची झोप उडते. राहिलेली गोळी आठवेल तेव्हा घ्यायची. दोन एकदम नाही.

मुलीला आजाराबद्दल माहीत आहे का, हे तुम्ही लिहिलं नाही. माहीत असेल तर रोज सकाळी चहाच्या वेळी तिचा फोन येऊ दे, गोळी त्याच वेळी. नसेल तर सांगायची सक्ती कुणी करू शकत नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ती गोष्ट तुमच्या संमतीवर ठेवली आहे.

आणि तो 'कशासाठी?' जगण्यापर्यंत पोचत असेल, तर सेंटरच्या तारखेची वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीसुद्धा लागतो, मराठीत बोलता येतं.

पुढच्या खेपेला बाटली उरलेल्या गोळ्यांसकट घेऊन जा. तोंडाने सांगवत नसेल तर हे पान मॅडमपुढे ठेवा.