‘पोलीस केस आहे’ म्हणून जखमीला परत पाठवता येत नाही

प्रश्न : पुण्यात आमच्या वस्तीत कोयते घेऊन आलेल्या टोळक्याने माझ्या धाकट्या भावावर वार केले. जवळच्या खासगी रुग्णालयाने ‘पोलीस केस आहे, सरकारीत न्या’ म्हणत दारातूनच परत पाठवलं. संतापून माझ्या 20 वर्षांच्या मुलाने काउंटरची काच फोडली. भाऊ वाचला, पण हात अधू झाला. आता मुलावरच गुन्हा दाखल झालाय. काय करू?

उत्तर : ताई, भावाला दारातून परत पाठवणं बेकायदाच होतं. अपघातात जखमी झालेल्या एका स्कूटरस्वाराला असंच 20 किलोमीटर लांबच्या रुग्णालयात पिटाळलं होतं. तो वाटेतच दगावला. त्यावरून 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की आधी जीव वाचवा, पोलिसांचे सोपस्कार नंतर. हे बंधन सरकारी-खासगी सगळ्या डॉक्टरांवर आहे. एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरणातल्या रुग्णाची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करून पोलिसांना कळवणं रुग्णालयाचं काम, नातेवाइकांचं नव्हे.

पण म्हणून काचेचा गुन्हा पुसला जात नाही. रुग्णालयांतली हिंसा आणि तोडफोड रोखणाऱ्या राज्याच्या 2010 च्या कायद्यात तो दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. 3 वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई होऊ शकते. अशा तोडफोडीच्या धास्तीने रुग्णालयं मारामारीतले जखमी घ्यायला आणखी कचरतात, आणि ते भोगतो तुमच्याच वस्तीतला पुढचा जखमी.

शिक्षा 7 वर्षांच्या आतली असल्याने सरसकट अटक होऊ नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 35(3) ची, म्हणजे पोलिसांसमोर हजर राहण्याची, नोटीस आली तर मुलाला वकिलासोबत वेळेवर हजर करा. अटकेची भीती वाटली तर सत्र न्यायालयात अटकपूर्व जामीन मागा.

सगळ्यात घाईचं काम रुग्णालयाच्या सीसीटीव्हीचं. फुटेजवर नवीन चित्रण चढायच्या आत ते जप्त करण्याचा लेखी अर्ज आजच तपास अधिकाऱ्याला द्या आणि पोच घ्या. त्यात मुलगाही दिसेल, तरी मागा. भावाला नाकारल्याचा तोच पक्का पुरावा आहे. सरकारी रुग्णालयाच्या केसपेपरवरची वेळ आणि भावाला रिक्षाने नेलं असेल तर त्या रिक्षावाल्याचा जबाब त्याला जोडा. मग महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करा. ‘तुम्ही तक्रार मागे घ्या, आम्ही गुन्हा मिटवतो’ असा निरोप रुग्णालयाकडून येईल. वकिलाला दाखवल्याशिवाय कशावरही सही करू नका.

भावाच्या भरपाईसाठी शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्याच संहितेच्या कलम 396 खाली अर्ज करा. हल्लेखोर सापडले नसले तरी तो करता येतो. हाताच्या अपंगत्वाचा दाखला सोबत लावा.